खडूचा डोंगर आणि मामांची चराईबंदी

पहिला दिवस : बॉक्स हिल

मामा बत्तीस वर्षं कृषी खात्यात होते, तीही बहुतेक सगळी माण तालुक्यात. त्यांच्या तोंडी दोन शब्द कायम जोडीनं यायचे : कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारला त्यांनी गावकऱ्यांच्या किती सहली नेल्या याचा हिशेब त्यांनाही आठवत नाही. त्यामुळे मी जेव्हा फोनवर सांगितलं, की आमच्या जवळ एक राखीव डोंगर आहे आणि तो वाचवायला लोक मुद्दाम झुडपं तोडतात, वर गुरं-मेंढ्या चारतात, तेव्हा मामा म्हणाले, "अगं, तुझी काहीतरी गल्लत होतेय. पाटी उलटी वाचली असशील."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मामा-मामी लंडनजवळच्या एप्समला आमच्याकडे आले आणि तिसऱ्याच दिवशी मामांनी बूट बांधले. मामी म्हणाली, "डोंगर बघायला विलायतेला कशाला यायला हवं होतं? दारात काय कमी आहेत?" ती माझ्या लेकीपाशी घरी राहिली.

एप्समहून गाडी लेदरहेडमार्गे बॉक्स हिल अँड वेस्टहंबलला जाते. वीसेक मिनिटांत आपण मोल नदीच्या काठावर. नदी म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याएवढी. पलीकडे जायला पाण्यात सतरा दगड एका ओळीत मांडले आहेत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला उपयोग होऊ नये म्हणून जुने दगड काढून टाकले होते, नंतर हे बसवले आणि १९४६ साली पंतप्रधान क्लेमंट ॲटलींनी त्यांचं उद्घाटन केलं. मामा मधल्याच दगडावर थांबले. "ॲटली म्हणजे ते सत्तेचाळीसचे?" म्हटलं, तेच. "म्हणजे आपलं स्वातंत्र्य आणि हा साकव एकाच माणसाच्या हातचा," असं म्हणून त्यांनी पुढचा दगड गाठला. मागे एक कुटुंब कुत्र्यासह खोळंबलं होतं.

नदी ओलांडली की अडीचशेच्या वर पायऱ्या. चढ असा, की वासोट्याची आठवण यावी. पायऱ्यांच्या कडेला माती जिथे निसटली होती तिथे खालून पांढराशुभ्र खडक दिसत होता. मामांनी नखानं खरवडलं, बोटं पांढरी झाली. "हा तर खडू आहे!"

खडूच. शाळेत हल्ली मिळतो तो बहुतेक जिप्समचा असतो, हा मात्र खरा. डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्री शेवाळांच्या अंगावर चुन्याच्या चकत्या असतात. ती शेवाळं मेली की चकत्या तळाशी बसतात, आणि हजार वर्षांत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर थर साचतो. दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या उबदार समुद्रात असा शेकडो मीटर थर साचला. तो काळ संपता संपता आपल्याकडे दख्खनवर लाव्हा ओतायला सुरुवात झाली. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आणि हा पांढरा डोंगर तसे मागे-पुढे जन्मलेले. मामांना हे फार आवडलं. घरी आल्यावर मामीला त्यांनी दोन्ही डोंगर सख्खे चुलत भाऊ असल्याचं सांगितलं.

खडूत मध्येच काळसर, काचेसारख्या कडांच्या गाठी सापडतात. मामांनी एक उचलली, दुसऱ्या गाठीवर घासली आणि नाकाशी नेली. जळका वास. "चकमक. आजोबांच्या बटव्यात असायची." फ्लिंट म्हणतात ती हीच. दोन्ही तुकडे त्यांनी होते तिथे ठेवले. राखीव जागेतून काही उचलायचं नसतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

वर जाताना दोन्ही बाजूंना गर्द, बुटकी, चकचकीत पानांची झाडं लागतात. हे बॉक्स, ज्यावरून डोंगराचं नाव पडलं. बागांच्या कुंपणाला कातरून लावतात तेच, पण इथे ते रानचं आहे. अतिशय सावकाश वाढतं, आणि लाकूड इतकं घट्ट की ओलं असताना पाण्यात बुडतं. ठसे कोरून चित्रं छापायच्या काळात त्याला मोठी मागणी होती. झाडाखाली एक विचित्र, मांजराच्या मुतासारखा वास येतो. तो याच झाडाचा. कुणी म्हणतात सुगंध. मी म्हणणार नाही.

माथ्यावर लिओपोल्ड सॉलोमन्स यांच्या नावाचा दगडी कट्टा आहे. या गृहस्थांनी १९१४ साली इथली २३० एकर जमीन विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट या जागा राखणाऱ्या संस्थेला दिली. कट्ट्यावरून दक्षिणेचा सगळा सखल मुलूख पसरलेला दिसतो. पण मामांचं लक्ष दरीकडे नव्हतं. ते आपल्या पायाखालच्या उताराकडे बघत होते. उतार जणू सतरंजी अंथरल्यासारखा, घोट्याच्याही खाली गवत, आणि त्याच्या कडेनं हिरवं झुडूप रांगत रांगत आत शिरत असलेलं. मध्ये काही बुंधे कापलेले. गेल्या हिवाळ्यातले असावेत, कापाचा रंग काळवंडला होता.

"कुऱ्हाड चालवलीय," मामा म्हणाले. परतीच्या गाडीत ते फारसं बोलले नाहीत.

दुसरा दिवस : डेन्बीज हिलसाइड

आज ऊन पडलं. बॉक्स हिलच्या समोर, मोल नदीच्या पलीकडच्या अंगाला रॅनमोर कॉमन आहे आणि त्याचा दक्षिणेकडचा उतार म्हणजे डेन्बीज हिलसाइड. हाही नॅशनल ट्रस्टचा. खाली द्राक्षांचे मळे दिसतात. खडूतून पाण्याचा निचरा भराभर होतो आणि उतार दक्षिणाभिमुख, म्हणून इथे द्राक्ष येतं. मामांना सांगलीकडच्या बागा आठवल्या आणि पाच मिनिटं एकरी किती वेली या हिशेबात गेली.

उताराला आडव्या, एकाखाली एक अशा अरुंद पायऱ्या होत्या, डोंगरभर. मामांचा चेहरा उजळला. "हे बघ, समपातळी बांध! इथेही मृदसंधारण झालेलं आहे." मला हसू आवरेना. ते बांध नव्हते. तीव्र उतारावर माती आपसूक सरकत येते, तिच्या वळ्या पडतात आणि त्याच वळ्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चालून चालून त्यांच्या वाटा होतात. मामा वाकून बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मेंढरं आमच्यापेक्षा बरी लेव्हल काढतात."

थोडं खाली उतरून ते गवतावर टेकले आणि दुसऱ्याच क्षणी कळवळून उठले. "सराटा! सराटा आहे इथे!" सराटा नव्हे, पण काम तेच. हे बिनदेठाचं काटेरी झाड. पानांची चकती जमिनीला चिकटलेली, मधोमध एकच जांभळं फूल, काटे वर. इथे याला पिकनिक थिसलच म्हणतात, आणि का ते मामांना विचारा. जनावर चरताना तोंड खाली घालतं तेव्हा उंच झाड खुडलं जातं. हे वाढतच नाही, म्हणून वाचतं.

खरं तर इथल्या बहुतेक झाडांची हीच रीत. आम्ही दोघं मग गुडघे टेकून (आधी हातानं चाचपून) बसलो आणि एका वितीत काय काय आहे ते बघायला लागलो. चांगल्या खडूच्या गवताळ उतारावर एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींची झाडं सापडतात, हे मला ठाऊक होतं, पण मामांना पटेना, म्हणून मोजणीच सुरू केली. बारीक जांभळ्या फुलांचा वाइल्ड थाइम, चुरगळल्यावर वास येतो तो. फिकट निळ्या स्केबियस. वाऱ्यानं हलणाऱ्या हेअरबेलच्या घंटा. सॅलड बर्नेट, ज्याच्या पानाला चक्क काकडीचा वास. सुकलेलं दिसणारं पण जिवंत असलेलं कार्लाइन थिसल. जरा उंच, गुलाबी गुच्छांचं मार्जोरम, म्हणजे पिझ्झ्यावर भुरभुरतो तो ओरेगॅनो, इथे रानात फुकट. बाविसाव्या झाडाला मामांचा चष्मा घामानं खाली आला आणि आम्ही मोजणी सोडली. "माण्य केलं," ते म्हणाले. 'मान्य'चा असा उच्चार ते मनापासून पटल्यावरच करतात.

मग त्यांनी हातातल्या छोट्या काडीनं जमीन उकरून पाहिली. जेमतेम चार बोटं माती, खाली पांढरं. "ही जमीन आमच्याकडे हलकीतली हलकी म्हणून लिहितील. नत्र नाही, स्फुरद नाही, पाणी थांबत नाही. इथे एवढं येतं कसं?"

तेवढ्यात खालून एक बाई हळूहळू चढत आल्या. सत्तरीच्या असाव्यात. हातात वही, गळ्यात पेन्सिल दोरीनं बांधलेली. ठराविक वाटेनं, ठराविक वेगानं चालत त्या फुलपाखरं मोजत होत्या. ब्रिटनमध्ये १९७६ पासून ही मोजणी चालू आहे. एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्याला तीच वाट, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, तेवढ्या चौकटीत दिसेल तेच लिहायचं. करतात सगळे हौशी लोक. मामांनी मला ढोसलं, "विचार, आपण मागनं चाललो तर चालेल का?" चाललं. "हे आमच्या पीककापणी प्रयोगासारखं आहे," ते मला कुजबुजले. "प्लॉट एकदा पडला की आवडो न आवडो, तिथलंच कापायचं."

त्या अर्ध्या तासात जे पाहिलं ते सांगते. चॉकहिल ब्लू सगळ्यात जास्त. पांढऱ्या धोतराला नीळ जरा जास्त झाली तर जो रंग येतो, तो. नर थाइमवर बसलेले, काही पंखांच्या कडा झिजून फाटलेले, कारण त्यांचा हंगाम जुलैपासून चालू झालेला. मेंढीच्या लेंड्यांवरही बसले होते, क्षार शोषायला. मामांना लेंड्या पाहून गावची ओळख निघाल्यासारखं झालं. सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर हे दुसरं. खाकी-हिरव्या पंखांखाली चांदीचे ठिपके, उडतं इतकं खाली आणि झपकन की आधी माशी वाटली. ते थंडीत हलतच नाही. बाई म्हणाल्या, काल ढग होते, काल आला असतात तर एकही दिसलं नसतं. आणि वर, उताराच्या रेषेत वाऱ्यावर टांगल्यासारखी खरुची, म्हणजे छोटा शिकारी पक्षी. शेपूट पसरून एकाच जागी पंख मारत उभी.

चॉकहिल ब्लू आणि त्याचा भाऊबंद अडोनिस ब्लू, दोघांच्या अळ्या एकच झाड खातात : हॉर्सशू व्हेच. शेंगा घोड्याच्या नालांची माळ केल्यासारख्या. ते झाड फक्त अशाच चुन्याच्या भुकेल्या जमिनीत. वाढणारी अळी अंगातून गोड रस सोडते आणि मुंग्या तिच्यामागे गुराख्यासारख्या असतात. अडोनिसच्या अळ्यांना तर रात्री मातीत झाकूनही ठेवतात. इथे मामांनी मान हलवली. "गोठ्यात बांधतात म्हण की."

पण गवत वाढलं की हा सगळा संसार मोडतो. अडोनिसला अंडी घालायला दोन-तीन सेंटिमीटरचं गवत लागतं, त्याहून उंच झालं की जमिनीवर सावली पडते, माती गार होते आणि मुंग्याही बदलतात. बाईंनी खिशातली मोजपट्टी काढून जमिनीत उभी केली. तीन. मामांनी ती पट्टी हातात घेतली आणि परत देईपर्यंत चार ठिकाणी लावून पाहिली.

मग सशांची गोष्ट निघाली. नॉर्मन लोकांनी इथे ससे आणले. मटणासाठी आणि कातड्यासाठी पाळले, सुटले, वाढले, आणि मेंढ्या कमी झाल्यावर गवत खुरटं ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं. १९५२ साली फ्रान्समध्ये एका डॉक्टरनं आपल्या वाडीतले ससे मारायला मिक्सोमॅटोसिस हा रोग मुद्दाम सोडला. १९५३ साली तो इंग्लंडात केंटमध्ये उतरला. दोन-अडीच वर्षांत शंभरातले पंच्याण्णवहून जास्त ससे मेले. शेतकरी खूश. डोंगरावर मात्र गवत गुडघ्यापर्यंत आलं, मागून झुडूप आलं, आणि निळी फुलपाखरं एकेका उतारावरून पुसली गेली. युद्धानंतर नांगर आणि रासायनिक खत यांनी आधीच मोठा घास घेतला होता. खडूची ८० टक्के गवताळ जमीन त्या काळापासून गेली, असं इथे सांगतात.

लार्ज ब्लू नावाचं फुलपाखरू तर १९७९ साली इंग्लंडातून नाहीसं झालं. त्याची गोष्ट ऐकताना मामा एकदम गप्प झाले, म्हणून ती नीट सांगते. त्याची अळी काही दिवस थाइमची फुलं खाते आणि मग खाली पडते. एका ठराविक जातीच्या लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेतात. तिथे ती मुंग्यांचीच पिल्लं खाऊन मोठी होते. फुलपाखरं कमी व्हायला लागली तेव्हा लोकांनी संशय घेतला तो पकडून टाचण्या टोचणाऱ्या हौशी संग्राहकांवर. म्हणून १९३०च्या दशकात एका जागेला कुंपण घातलं. संग्राहक बाहेर राहिले आणि त्यांच्याबरोबर गुरंही. गवत वाढलं, जमीन गार पडली, ती मुंगी गेली, आणि राखलेल्या जागेतलंच फुलपाखरू संपलं. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानं मुंगीचं हे गणित उलगडलं, पण तोवर उशीर झाला होता. मग ऐंशीच्या दशकात स्वीडनहून ते परत आणलं. हे खडूवरचं नव्हे, नैर्ऋत्येकडच्या चुनखडकाच्या उतारांवरचं, पण धडा सगळ्यांनी घेतला.

"कुंपण घातलं आणि मेलं," मामा मराठीत म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही.

बाई पुढे गेल्या. आम्ही डबा सोडला. थालीपीठ आणि लोणचं, एका वारुळाच्या शेजारी. ही वारुळं पिवळ्या मुंग्यांची. गवतानं मढलेल्या उशा पडल्यासारखी दिसतात आणि काही शंभराहून जास्त वर्षांची असतात, कारण इथे नांगर कधी फिरलेला नाही. नांगर एकदा फिरला की ती गेली. त्यांच्यावर थाइमचे गालिचे.

इथे मामा बोलायला लागले, आणि जे बोलले ते मला कुठल्याही माहितीफलकावर वाचायला मिळालं नसतं. त्यांनी विचारलं, पूर्वी या मेंढ्या रात्री कुठे असायच्या? मी वाचलेलं सांगितलं : दिवसा डोंगरावर चरायच्या, रात्री खालच्या शेतात लाकडी फाटकांच्या आवारात कोंडायच्या, खतासाठी. मामांनी मांडीवर थाप मारली. "मेंढरं बसवायची! अगं, आपल्याकडे हेच. धनगराचा वाडा येतो, शेतकरी ज्वारी देतो, पैसे देतो, आणि रात्रभर मेंढरं शेतात बसतात. सकाळी लेंडी-मुताचं सोनं पडलेलं." मग थोडं थांबून, "म्हणजे बघ, डोंगरावरचं खायचं आणि खाली टाकायचं. शेकडो वर्षं. डोंगर रोज थोडा गरीब होणार, शेत रोज थोडं श्रीमंत. म्हणून ही माती उपाशी राहिली. आणि उपाशी माती आहे म्हणून एकट्या दांडग्या गवताला माजता आलं नाही, चाळीस जणांना जागा मिळाली."

सकाळचा त्यांचा प्रश्न त्यांनीच सोडवला होता.

यानंतर बराच वेळ ते स्वतःशी भांडत होते असं मला वाटलं. कासचा विषय त्यांनीच काढला. तिथे कातळावर हाताच्या पंज्याएवढी माती आणि तिच्यावर फुलांचा सडा. कुंपण घातलं, गुरं थांबली, आणि पुढे तिथलीच माणसं म्हणायला लागली की गवत माजतंय, कुंपण काढा. "मी तेव्हा म्हटलं होतं, या लोकांना काय कळतंय." मग माळावर लावलेल्या गिरिपुष्पाचा विषय. खात्याच्या नोंदीत जी जमीन 'पडीक' होती, तिच्यावर त्यांनी हजारो रोपं लावली. तिथे पूर्वी कुसळी आणि पवन्या गवत होतं, चंडोल पक्षी होते, कधीमधी तणमोर दिसल्याचं धनगर सांगायचे. "पडीक कुणी ठरवलं? आम्हीच." पण लगेच, "तरी एक सांगतो. आमच्याकडे चराई बंद केली नसती तर हिवरे बाजारला पाणी लागलं नसतं. तिथे एकरी मेंढरं किती, पाऊस किती, याचा मेळच नव्हता. हे इथलं तिथे नेऊन चिकटवू नकोस." हे त्यांनी मला दोनदा बजावलं, जणू मीच निघाले होते चिकटवायला.

उतरताना एका सपाट तुकड्यावर मी थांबले. गवतात पांढऱ्या, बोटभर उंचीच्या काड्या, आणि त्यांच्यावर इवली फुलं पीळ घालत चढलेली. ऑटम लेडीज ट्रेसेस. ऑर्किडच आहे, या डोंगरावरचं हंगामातलं शेवटचं. इंग्रजांनाही ती बाईची गुंफलेली वेणी वाटली, आपल्याला तर वाटणारच. मामा म्हणाले, मामीसाठी फोटो काढ. त्या दिवशी मोबाइलमध्ये माझ्याकडे एकशे चौदा फोटो झाले, त्यातला मामीला फक्त हाच आवडला.

तिसरा दिवस : डाऊन

आज गाडीनं. एम २५ महामार्गावर ट्रॅफिक, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. याच टेकड्यांच्या रांगेत, केंटच्या बाजूला डाऊन नावाचं खेडं आहे. चार्ल्स डार्विन १८४२ पासून १८८२ मध्ये मरेपर्यंत इथल्या डाऊन हाउसमध्ये राहिला. घराजवळच्या खडूच्या एका उतारावर तो ऑर्किड बघायला जायचा. घरचे त्या जागेला 'ऑर्किस बँक' म्हणत. आता ते डाऊन बँक नावाचं राखीव क्षेत्र आहे. ऑर्किडचा हंगाम जुलैत संपला होता, उभ्या राहिलेल्या होत्या वाळलेल्या बोंडांच्या काड्या. त्यातली एक पिरॅमिडल ऑर्किडची असावी. पतंगानं फुलात सोंड घातली की परागांची जोडगोळी सोंडेला खोगिरासारखी चिकटते आणि काही क्षणांत पुढे झुकते, म्हणजे पुढच्या फुलात बरोब्बर हव्या त्या जागी टेकते. डार्विननं हे सुईच्या टोकानं करून पाहिलं होतं. मी मामांना हे रसभरित वर्णन करून सांगितलं. ते "हां, हां" म्हणाले.

त्यांचा जीव अडकला तो घरामागच्या बागेत. तिथे जमिनीत एक गोल दगड आहे, मधे भोक पाडलेला. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात त्यानं दगड किती खाली जातो, हे मोजायची ती युक्ती. आणि यापेक्षा मोठी गोष्ट : डिसेंबर १८४२ मध्ये डार्विननं जवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि वाट बघितली. नोव्हेंबर १८७१ मध्ये, एकोणतीस वर्षांनी, चर खणला. पांढऱ्या खड्यांची ओळ सात इंच खाली सापडली. गांडुळांनी तेवढी माती वर आणून टाकली होती. १८८१ साली त्याचं शेवटचं पुस्तक निघालं तेही गांडुळांवरच.

मामांनी गांडूळखताचे बेड घालायला लावण्यात नोकरीची सात-आठ वर्षं घालवली आहेत. त्या दगडापाशी ते टोपी काढून उभे राहिले. मी फोटो काढायला गेले तर हातानं नको म्हणाले. नंतर चहाच्या टेबलावर म्हणाले, "एकोणतीस वर्षं. आमचा अहवाल मार्चअखेर लागायचा."

चौथा दिवस : बर्फर्ड स्पर

आज खरं तर घरी राहायचं ठरलं होतं. मामींची खरेदी होती. पण रात्री मामांनी विचारलं, "तो दुसरा निळा राहिलाच की." अडोनिस. वर्षात दोनदा निघतं, मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि आमच्याकडे अर्धा दिवस होता. सकाळची गाडी धरली.

बर्फर्ड स्पर ही बॉक्स हिलची नदीकडे उतरणारी सोंड. शेजारून तो प्रसिद्ध नागमोडी रस्ता वर जातो, २०१२च्या ऑलिंपिकमध्ये सायकलींची शर्यत झाली तो. आजही सायकलवाले माना खाली घालून धापा टाकत चाललेले. सोंडेवर पाच-सहा गाई होत्या, काळ्या, आणि पोटाला रुंद पांढरा पट्टा, जणू कुणी बारशाला दुपटं गुंडाळलंय. बेल्टेड गॅलोवे. स्कॉटलंडची काटक जात, मेंढीसारखं निवडून खात नाही, जाडंभरडं गवत जिभेनं ओढून तोडते आणि झुडपात घुसून खुरानं ते मोडतेही. मामा कुंपणापाशी गेले, एका गाईनं मान वर केली. त्यांनी जिभेनं टॉक टॉक केलं. गाय आली नाही, पण बघत राहिली.

अकराच्या सुमाराला ऊन तापलं. पाऊण तास नुसते चॉकहिल. मग मामांनीच माझा दंड धरला. वाटेच्या कडेला, उघड्या खडूवर, पंख पूर्ण पसरून ते बसलं होतं. चॉकहिल ब्लू धुवट वाटावं असं. नीळ पाण्यात न कालवता थेट पुडीतून सांडली तर, आणि तिच्यावर ऊन पडलं तर. पंखांची कड पांढरी, तिच्यातून काळ्या रेघा आरपार गेलेल्या, सुईनं टाके घातल्यासारख्या. तेवढीच खूण बघायची असते, साध्या कॉमन ब्लूला त्या रेघा नसतात. दहा सेकंद असेल. उडालं ते समोरच्या मार्जोरमकडे, आणि पुन्हा दिसलं नाही.

मामा वाकून, ते बसलं होतं तिथलं गवत बघत होते. बोटं आडवी लावून मोजत होते. दोन बोटं.

मग त्यांनी फोन काढला. इकडे साडेअकरा, तिकडे चार वाजले असणार. धाकट्या भावाला लावला, स्पीकरवर. पाऊस, मुलं, विहिरीचं पाणी, सगळं झालं.

"आणि आपल्या वरच्या माळावर गवत किती आलंय?"

"आलंय की चांगलं, दादा."

"चांगलं म्हणजे किती? घोट्याएवढं का गुडघ्याएवढं?"

तिकडे शांतता. मग, "आता ते कुणी बघितलंय?"

"मग जा बघून ये. मी थांबतो." आणि मामा खरोखरच फोन चालू ठेवून, पिकनिक थिसल नाही ना हे हातानं चाचपून, त्या उतारावर बसले.